मेअखेरच्या हजार धावा

एप्रिल उजाडला की दुपारी साडेतीनला मी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसते. बाहेर ऊन मी म्हणत असतं, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पडद्यावर मात्र इंग्लंडात सकाळचे अकरा वाजलेले असतात. पंचांनी दोन दोन स्वेटर चढवलेले, स्लिपमधली मंडळी हात काखेत घालून उभी, आणि प्रेक्षागृहात मोजून चाळीस-पन्नास माणसं. त्यातले एखादे आजोबा गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन थर्मासमधून काहीतरी ओतून पीत असतात. कौंटी क्रिकेटचा मोसम सुरू झालेला असतो.

मुलगा म्हणतो, "आई, आयपीएल चालू आहे की! हे काय थंडगार बघत बसतेस?" नातू विचारतो, "आजी, हे लोक कोण आहेत?" आता काय सांगणार? त्यातल्या निम्म्यांची नावं मलाही माहीत नसतात. तरी बघते. हल्ली बऱ्याच कौंटी आपले सामने यूट्यूबवर फुकट दाखवतात, त्यामुळे सोय झाली आहे. पण खरं सांगायचं तर हे वेड पन्नास वर्षांहून जुनं आहे आणि ते आलं आमच्या आप्पांकडून.

आप्पा पोस्टात कारकून होते. पन्नाशीतच त्यांच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली. मथळे दिसायचे, पण इंग्रजी पेपरातला कौंटीच्या धावफलकांचा तो मुंगीएवढा टाईप दिसेना. मग ते काम माझ्याकडे आलं. आमच्या तालुक्याच्या गावात इंग्रजी पेपर एक दिवस उशिरा यायचा. वाचनालयातून तो आणायचा, ओट्यावर बसायचं आणि मोठ्यानं वाचायचं. मी मराठी माध्यमातून शिकणारी. मी आपली अक्षरं लावून 'वॉर्सेस्टरशायर' म्हणायची, आणि रेडिओ ऐकून कान तयार झालेले आप्पा म्हणायचे, "अगं, वूस्टरशर!" तसंच ते लेस्टरशर. लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. पुढे तीसेक वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. त्याचा पाया कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकानं नाही, या धावफलकांनी घातला असं मी आजही मानते.

१९७३ चा मे महिना मला अगदी लख्ख आठवतो. बी.ए.चे पेपर नुकतेच संपले होते, निकाल लागायचा होता, हाताला दुसरं काम नव्हतं. न्यूझीलंडचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि त्यांचा सलामीचा फलंदाज ग्लेन टर्नर धावांमागून धावा काढत होता. आप्पांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याचा हिशेब मांडायला घेतला. मी आकडा वाचायचा, त्यांनी ठळक अक्षरांत लिहायचा आणि बेरीज करायची. कारण आप्पांच्या मते क्रिकेटमध्ये एकच पराक्रम खरा अवघड, मे महिना संपायच्या आत हजार धावा करणं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंग्लंडात क्रिकेटचा मोसम एप्रिलमध्ये सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये तिथे थंडी असते, हवेत दमटपणा असतो, खेळपट्टीवर हिरवळ आणि खाली ओल असते. तिथला ड्यूक्स चेंडू हातानं शिवलेला, त्याची शिवण चांगली वर आलेली. असा चेंडू अशा हवेत आणि अशा खेळपट्टीवर काय काय करेल याचा नेम नसतो. मध्यमगती गोलंदाजसुद्धा त्या दिवसांत कर्दनकाळ होतो. शिवाय पावसानं अख्खे दिवस वाया जातात ते वेगळंच. अशा दिवसांत ३१ मेपर्यंत प्रथम श्रेणीच्या हजार धावा करणं हे येरागबाळ्याचं काम नाही.

पहिल्यांदा हे केलं डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी, १८९५ मध्ये. तेव्हा त्यांचं वय होतं ४६! आणि त्यांनी एप्रिलचा आधारही घेतला नव्हता, सगळ्या धावा मे महिन्यातल्याच. मग १९०० मध्ये टॉम हेवर्ड, १९२७ मध्ये वॉली हॅमंड, १९२८ मध्ये चार्ली हॅलोज. ब्रॅडमननी दोनदा केलं, १९३० आणि १९३८ मध्ये. १९३८ मध्येच बिल एड्रिच. त्यानंतर पस्तीस वर्षं कुणालाच जमलं नाही, ते आता हा टर्नर करत होता.

३१ मेला त्यानं हजार पूर्ण केल्या. आमच्याकडे पेपर आला तेव्हा जून उजाडला होता. आप्पांनी कॅलेंडरवर शेवटचा आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. जसा काही मीच पराक्रम केला होता!

त्यापुढे त्या उन्हाळ्यात टर्नरचं काय झालं? इंग्लंडविरुद्ध तीन कसोटी झाल्या आणि त्याला त्यांत एकही शतक करता आलं नाही. त्याच मालिकेत न्यूझीलंडचे इतर फलंदाज, काँग्डन आणि पोलार्ड, शतकं ठोकत होते. मी ते आकडेही आप्पांना वाचून दाखवले असणार. पण त्यांनी ते कुठे लिहून ठेवले नाहीत. आमचा हिशेब ३१ मेला संपायचा. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. पुढे मात्र ती फार आठवली.

मधली पंधरा वर्षं सोडून देते. लग्न झालं, त्याच गावातल्या एका शाळेत नोकरी लागली. आई गेल्यावर आप्पा माझ्याकडे राहायला आले. १९८८ च्या मेमध्ये पुन्हा एक कॅलेंडर उलटं झालं. या वेळी नाव होतं ग्रॅम हिक. झिंबाब्वेतल्या तंबाखूच्या शेतकऱ्याचा मुलगा, वय अवघं २१, कौंटी तीच, वूस्टरशर. मेच्या सुरुवातीला टाँटनला सॉमरसेटविरुद्ध त्यानं नाबाद ४०५ केल्या. इंग्लंडमध्ये त्याहून मोठी खेळी तोवर एकच झाली होती, आर्ची मॅक्लारेन यांची ४२४, १८९५ मधली, आणि तीही टाँटनलाच. ४०५ नंतर मात्र चार डाव कोरडे गेले. मेच्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ वूस्टरला आला तेव्हा हिकला १५३ धावा हव्या होत्या आणि समोर त्यांचा वेगवान मारा. पठ्ठ्यानं नाबाद १७२ केल्या! आप्पांना तेव्हा जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. मी हात धरून त्यांच्याकडून कॅलेंडरवर दोन रेघा मारून घेतल्या. "हा पुढचा ब्रॅडमन," आप्पा म्हणाले. सगळं जगही तेव्हा तेच म्हणत होतं.

आणि दोन आठवड्यांत शाळा सुरू झाली. आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे.

आमचा तालुका सह्याद्रीला टेकलेला, धो धो पावसाचा. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा तेव्हा सातवीपर्यंतच, त्यामुळे आठवीला बरीच नवी मुलं आमच्याकडे यायची. जुलैअखेर पहिली चाचणी, प्रत्येक विषयाला पंचवीस गुण. त्या चाचणीवरून आठवीच्या तुकड्या नव्यानं पाडायच्या अशी आमच्या शाळेची पद्धत. हुशार मुलं 'अ'मध्ये, बाकीची 'ब' आणि 'क'मध्ये. मी 'अ' तुकडीची वर्गशिक्षिका. कुणाला ठेवायचं आणि कुणाला हलवायचं याची यादी मीच करून द्यायची.

त्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलाला इंग्रजीत चोवीस गुण पडले. गावातलाच मुलगा, घरात शिकलेली माणसं. मी घरी येऊन आप्पांना म्हटलं, "आमच्या वर्गात एक हिक आलाय!" दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीतही तेच सांगितलं. ते त्या मुलाच्या कानावर गेलं, त्याच्या आईवडिलांच्याही गेलं.

आणि एका मुलाला इंग्रजीत चार पडले, मराठीत नऊ. वाडीवरून येणारा, किडकिडीत, कायम ओला. त्याचं नाव मी यादीत लिहिलं आणि यादी मुख्याध्यापकांकडे दिली. पाच मिनिटांचं काम. तुकडी बदलायच्या दिवशी तो दप्तर घेऊन दारात थांबला आणि म्हणाला, "बाई, सहामाहीपर्यंत राहू द्या ना. सहामाहीला करून दाखवतो."

मी म्हटलं, "नियम आहे बाळा. चांगला अभ्यास कर, मग बघू."

तो गेला. मला काही वाटल्याचंही आठवत नाही. वाटायचं कारणच नव्हतं. गुण खरे होते, मी काही अन्याय केला नव्हता.

दिवाळीच्या आधी सहामाहीची हजेरीची बेरीज करायला बसले, तेव्हा जून-जुलैच्या पानावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग दिसली. शाळेच्या शिपायाला विचारलं, तो त्याच बाजूचा. तो म्हणाला, "बाई, त्या वाडीचा ओढा पावसात उतरू देत नाही. आणि त्यात भातलावणी. पोरगं पहाटे चिखलात उभं राहायचं आणि मग पाणी उतरलं तर शाळेत यायचं." म्हणजे जे शिकवलंच नव्हतं त्याच्या परीक्षेत तो नापास झाला होता. आणि हे मला कुणी सांगायला हवं होतं अशातलाही भाग नाही. हजेरीपट माझ्या अक्षरातला, गुणपत्रकही माझ्या अक्षरातलं, दोन्ही माझ्याच टेबलाच्या खणात. मी फक्त एक उघडलं होतं.

मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "आता मध्येच नको, वर्षअखेरीस बघू." वर्षअखेरीस मी पुन्हा विचारलं नाही. विसरले म्हणा, भिडस्तपणा म्हणा, किंवा नव्या वर्षाच्या नव्या याद्या म्हणा. नाही विचारलं हे खरं.

आता पुन्हा जरा इंग्लंडात जाऊ या. डर्बीशरमध्ये बक्स्टन म्हणून डोंगरातलं एक गाव आहे. १९७५ साली ३१ मेला, शनिवारी, तिथे डर्बीशर विरुद्ध लँकेशर सामना सुरू झाला. क्लाईव्ह लॉईडनं नाबाद १६७ केल्या आणि लँकेशरनं ५ बाद ४७७. आपला फारूख इंजिनिअर तेव्हा त्याच कौंटीत होता. सोमवारी, २ जूनला, खेळाडू मैदानावर येतात तो काय, मैदान पांढरंशुभ्र! जूनमध्ये बर्फ! त्या दिवशी खेळ झालाच नाही. तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. मंगळवारी ती ओली खेळपट्टी उन्हानं सुकू लागली आणि त्यावर डर्बीशरचा पहिला डाव ४२ धावांत आटोपला, दुसरा ८७ मध्ये. तेच मैदान, तीच बावीस यार्डं. शनिवारी ४७७ आणि मंगळवारी ४२!

या ४२ वरून कुणी डर्बीशरच्या अकरा जणांना फलंदाजी येत नाही असं म्हटलं, तर आपण त्याला वेड्यात काढू. धावफलक खोटा नसतो. पण तो त्या दिवसाचा, त्या हवेचा आणि त्या मातीचा असतो. क्रिकेटमधलं हे मला विशीपासून कळत होतं. पहिली चाचणी तपासताना ते कळलं नाही. माझ्या वर्गातली काही मुलं शनिवारी खेळत होती आणि एक मुलगा मंगळवारी.

हजार धावांच्या यादीतलीच आणखी एक गोष्ट सांगते. १९३८ चा बिल एड्रिच. त्याच्या हजारही धावा लॉर्ड्सवरच्याच. मेच्या शेवटच्या दिवशी मिडलसेक्सचा सामना ऑस्ट्रेलियाशी होता आणि एड्रिचला शेवटच्या मोजक्या धावा हव्या होत्या. ब्रॅडमननी ऑस्ट्रेलियाचा डाव घोषित केला, त्याला संधी मिळावी म्हणून. एड्रिचनं त्या केल्या. लगेच त्याला इंग्लंडच्या संघात घेतलं, आणि तिथे बिचाऱ्याचं पार पानिपत झालं. ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध चार कसोटींत मिळून ६७ धावा. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर पहिल्या पाच डावांत मिळून २१. आपल्याकडे असता तर केव्हाच घरी पाठवला असता. पण त्याचा कप्तान होता वॉली हॅमंड. हॅमंडनं त्याला पुन्हा पुन्हा घेतलं. मार्च १९३९ मध्ये दर्बानला ती प्रसिद्ध बेमुदत कसोटी झाली, दहा दिवस चालून इंग्लंडची बोट पकडायची म्हणून अनिर्णित सोडलेली. तिच्या दुसऱ्या डावात एड्रिचनं २१९ केल्या.

हॅमंडनं असं का केलं असेल? मला आपलं वाटतं की त्याला ठाऊक होतं. १९२६ चा सबंध मोसम तो मोठ्या दुखण्यानं अंथरुणावर होता. वेस्ट इंडीजच्या दौऱ्याहून ते दुखणं घेऊन आला होता. त्या मेमध्ये त्याच्या नावापुढे एकही धाव नव्हती. पुढच्याच मेमध्ये हजाराच्या वर होत्या. एक मे महिना माणसाबद्दल किती सांगतो आणि किती सांगत नाही, हे ज्यानं दोन्ही बाजूंनी भोगलं होतं, तो एड्रिचला थांबून बघू शकला.

मी माझ्या वर्गाची कप्तान होते. मी थांबले नाही.

आणि चोवीस गुणांचा तो मुलगा, माझा हिक? त्याचीही गोष्ट सांगायलाच हवी. त्याआधी खऱ्या हिकची. इंग्लंडकडून खेळण्याची पात्रता मिळेपर्यंत त्याला सात वर्षं थांबावं लागलं. १९९१ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी, दोन्ही डावांत सहा आणि सहा. पहिलं कसोटी शतक यायला फेब्रुवारी १९९३ उजाडावं लागलं आणि ते आलं आपल्या मुंबईत, वानखेडेवर. १७८ धावा. तो सामना मी टीव्हीवर पाहिला. आप्पा तोवर गेले होते. त्यांच्या लेखी हिक शेवटपर्यंत पुढचा ब्रॅडमनच राहिला. इंग्लंड ती कसोटी डावानं हरलं, कारण त्याच सामन्यात आपल्या विनोद कांबळीनं २२४ केल्या. एकवीस वर्षांचा डावखुरा पोरगा, आम्ही टाळ्या वाजवून वाजवून दमलो. लगेच पुढच्या कसोटीत झिंबाब्वेविरुद्ध २२७. आणि १९९५ संपायच्या आत त्याची शेवटची कसोटी खेळून झालीसुद्धा, १७ कसोटी, सरासरी ५४. एकाच सामन्यात दोन माणसं, दोघांचीही सुरुवात जगाला दिपवणारी.

हिक ६५ कसोटी खेळला, सरासरी ३१. प्रथम श्रेणीत मात्र त्याची १३६ शतकं आहेत आणि ४१ हजारांवर धावा. अशा माणसाला लोक 'अपयशी' म्हणतात! का, तर १९८८ च्या मेमध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या नावावर जे लिहून ठेवलं ते त्यानं पुरं केलं नाही म्हणून.

माझ्या वर्गातल्या मुलाला दहावीला ६८ टक्के पडले. चांगले गुण की हो ते, त्या काळात तर नक्कीच. पण निकाल घेऊन तो पेढे द्यायला आला तेव्हा मी पेढा घेतला आणि म्हटलं, "अरे, तुझ्याकडून जास्त अपेक्षा होती." त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. पुढे तो बँकेत लागला, संसार नीट चालला आहे, कधीमधी भेटतो. पण माझ्यासमोर आला की अजूनही जरा खांदे पाडून उभा राहतो, असं मला वाटतं. कदाचित माझाच भ्रम असेल.

एका चाचणीनं मी दोन मुलांचं नुकसान केलं. एकाचं काढून टाकून, दुसऱ्याचं डोक्यावर घेऊन.

याचा अर्थ मोसमाच्या सुरुवातीची कामगिरी बिनमहत्त्वाची, असंही मला म्हणायचं नाही. उलट हल्ली तर मधल्या उन्हाळ्यात टी-ट्वेंटी आणि इतर स्पर्धा असतात, म्हणून कौंटी चॅम्पियनशिपचे जवळजवळ निम्मे सामने एप्रिल-मेमध्येच उरकतात. एवढे सामने असूनही हिकनंतर, २०२५ च्या मोसमापर्यंत तरी, मेअखेर हजार कुणाला जमलेल्या नाहीत. २०१२ मध्ये निक कॉम्प्टन अगदी जवळ आला होता, पावसानं घात केला आणि हजारावी धाव १ जूनला निघाली. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात सॅम नॉर्थईस्टनं लॉर्ड्सवर नाबाद ३३५ केल्या आणि तिथला ग्रॅहम गूचचा ३३३ चा विक्रम मोडला. तोच तो, १९९० मध्ये आपल्याविरुद्ध केलेला, किरण मोरेनं ३६ वर झेल सोडला होता तो! आणि या नॉर्थईस्टला तोवर इंग्लंडनं एकही कसोटी खेळवली नव्हती.

एप्रिल कधी कधी मोठा दयाळूही असतो, विशेषतः ज्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षा उरलेली नसते त्यांच्या बाबतीत. आपला श्रीरामपूरचा झहीर खान २००६ मध्ये भारतीय संघाबाहेर होता. वूस्टरशरकडे गेला, पहिल्याच सामन्यात सॉमरसेटचे दहा बळी घेतले, मोसमभरात ७८, आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा भारताकडून खेळू लागला. २०२२ मध्ये चेतेश्वर पुजाराला कसोटी संघातून काढलं, आयपीएलनं विचारलं नाही. तो ससेक्सकडे गेला. डर्बीला पहिल्या डावात ६ धावा. मी म्हटलं, संपलं. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात नाबाद २०१! मग शतक, पुन्हा द्विशतक, पुन्हा नाबाद १७०. जुलैमध्ये तो परत भारताच्या कसोटी संघात. त्याच्या संघाला त्याला दुसरा डाव द्यायचा होता की नाही हा प्रश्नच नव्हता. क्रिकेटमध्ये दुसरा डाव नियमानंच मिळतो. आमच्या शाळेच्या नियमात तो नव्हता.

वाडीवरचा मुलगा मला २०१३ मध्ये भेटला. मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एसटी स्टँडवर उभी होते, तर एक चाळिशीकडे झुकलेला गृहस्थ आला, वाकून नमस्कार केला. "बाई, ओळखलंत का?" मी ओळखलं नव्हतं. त्यानं वाडीचं नाव सांगितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे म्हणाला, बरं चाललंय. मी धीर करून विचारलं, "तुला आठवतं का रे, मी तुला 'अ' तुकडीतून..."

"आठवतं की," तो हसून म्हणाला. "'अ'ला इंग्रजीला तुम्ही होतात. आमच्या तुकडीला त्या वर्षी कोणी टिकलंच नाही, जागा रिकामीच होती. तेव्हापासून इंग्रजीचं काही जमलं नाही बघा. आता कंपन्यांची पत्रं सगळी इंग्रजीत येतात. पोरगी आहे आठवीत, ती वाचून दाखवते."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाऊस कमी झाला, भाव पडला, असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. मला त्याला सांगायचं होतं की चूक माझी होती, हजेरीपट माझ्याच खणात होता. जेमतेम म्हणाले, "माझं चुकलं रे तेव्हा." त्यानं "छे छे बाई, काहीतरीच काय!" म्हणत माझी पिशवी उचलली, गाडी लागली होती त्यात नेऊन ठेवली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी सुटली. मला सारखी दिसत होती ती त्याची मुलगी. बापाशेजारी बसून मोठ्यानं वाचणारी.

त्यानंतर मी कॅलेंडर उलटं करणं सोडलं. आता एक वही केली आहे. एप्रिलच्या पहिल्या सामन्यांत जे शून्यावर किंवा एक-दोन धावांवर बाद होतात त्यांतली दहा-बारा नावं त्यात लिहिते. आणि सप्टेंबरअखेर मोसम संपला की त्यांच्या नावापुढे काय झालं ते बघते. यातून काही नियम निघत नाही हं. काहींचं पुढेही काही होत नाही, काही जण संघाबाहेर जातात, काही जण हजारापर्यंत पोचतात. म्हातारीचा एक चाळा, दुसरं काय. फक्त आता रेघा सप्टेंबरात मारते.

असो. साडेतीन वाजायला आले. आज तिकडे ढग आहेत असं दिसतंय, खेळ वेळेवर सुरू होतो की नाही कोण जाणे. चहा टाकते.